माडीवरची म्हातारी आणि माझा डावा डोळा

"तांडेल, तुमचा डावा डोळा बराचसा गेलेला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि जेवढा गेला तेवढा आता परत येणार नाही."

मी म्हटलं, "असा कसा गेला? मला न विचारता?"

त्या हसल्या नाहीत. माझी सून सुमन शेजारी उभी होती, तीपण हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही. पण कळलं म्हणजे पटलं असं नव्हे. डोळ्यात दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, लाली नव्हती, पाणी नव्हतं. अशा डोळ्याला गेला म्हणायचं, तर त्या बाईच्या बोलण्यावर विश्वास तरी का ठेवायचा?

हे सगळं लिहितोय ते तुमच्यापैकी कोणाचा डोळा असाच गुपचूप चालला असेल तर त्याला कळावं म्हणून. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत बाप मला होडीवर घेऊन गेला. त्यामुळे शुद्धलेखन काढत बसू नका, मजकूर बघा.

मी मांडवीचा. चाळीस वर्षं मचव्यावर तांडेल होतो, म्हणजे सुकाणू माझ्या हातात आणि खलाशी माझ्या शब्दात. आता मचवा मुलगा चालवतो. बायको जाऊन आठ वर्षं झाली. सकाळी जाळी विणतो, संध्याकाळी पडवीत बसतो. माझा जुना खलाशी इस्माईल रोज येतो. आम्ही दोघं एकमेकांच्या चुका काढत बसायचो, ते बरं चाललं होतं.

मग मुलानं टीव्ही आणला.

टीव्हीचं मला वावडं नव्हतं. बातम्या बघायचो, मालिका बघायचो. माझं भांडण जाहिरातींशी होतं. मालिका अर्धा तास, आणि तिच्या आधी जाहिराती एवढ्या की भात लावला तर शिजून व्हावा. त्यातही एक जाहिरात केसांच्या तेलाची. तेलाचं नाव लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू? एकाच संध्याकाळी ती तीन तीनदा लागायची. तेच गाणं, तीच मुलगी, तोच वेणीचा झटका. मी म्हणायचो, एकदा सांगितलं, आम्ही बहिरे नाही. जो माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो त्याच्या मालात खोट असते. बंदरावर जी बाई "ताजी आहे, ताजी आहे" ओरडते तिच्या पाटीतली सुरमई मी कधी घेतली नाही.

पण डोळ्यांपुढे रोज तीन वेळा नाचलेली गोष्ट पाठ होतेच. तुम्हाला ती जाहिरात सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे. मधोमध अंगणात मुलगी वेणी घालत बसलेली. डाव्या हाताला वर पिंजरा टांगलेला, त्यात पोपट. उजव्या हाताला वर माडीची खिडकी. गाणं संपता संपता त्या खिडकीत एक म्हातारी येते, हातात अडकित्ता, आणि दात नसलेलं तोंड उघडून हसते. त्या सगळ्या लबाडीत मला ती म्हातारी तेवढी खरी वाटायची. सुपारी ती बरोबर कातरायची. मुठीत धरायची रीत येत असल्याशिवाय तसं कातरता येत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली. सुमननं फडकं गरम करून दिलं. संध्याकाळी मी ते उजव्या डोळ्यावर दाबून बसलो आणि डाव्या डोळ्यानं टीव्ही बघत होतो. तेलाची जाहिरात लागली. मुलीनं झटका दिला, गाणं संपलं, आणि म्हातारी आलीच नाही.

मी म्हटलं, "म्हातारीला काढली."

सुमन चुलीकडून म्हणाली, "कुठली म्हातारी ओ?"

"तेलवाली. पैसे वाचवायला काढली असणार. म्हाताऱ्या माणसाला पहिलं काढतात."

थोड्या वेळानं जाहिरात पुन्हा लागली. पुन्हा म्हातारी नाही. सुमन येऊन बघून गेली. म्हणाली, "हाय की बाबा. हसतेय की." मला वाटलं, ही माझी थट्टा करते. इस्माईल बसला होता, त्याला विचारलं. तो तोंडातली बिडी न काढता म्हणाला, "तांडेल, म्हातारी हाय तिथंच. तूच कुठंतरी गेलायस."

मला राग आला. दोघं मिळालेत असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलाला छपरावर चढवून अँटेना फिरवायला लावली. वाऱ्यानं अँटेना हलली की चित्राची एक कड कापली जाते, असं मीच ठरवून टाकलं होतं. मग टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावला. त्यानं मागचं झाकण उघडलं, आतली धूळ झाडली, आणि म्हणाला, "आजोबा, चित्र पूर्ण आहे." मी म्हटलं, तुला कसं कळणार, तू जाहिरात बघतोस कुठं, तू तर मागं बसतोस.

चार दिवसांनी रांजणवाडी फुटली. फडकं सुटलं. संध्याकाळी म्हातारी खिडकीत हजर. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, तक्रार केली म्हणून परत ठेवली.

सुमन आमच्या घरात सगळ्यात कमी बोलते आणि सगळ्यात जास्त बघते. दुसऱ्या दिवशी जाहिरात लागताना ती माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, उजवा डोळा झाका बघू." मी म्हटलं, मी काय लहान पोर आहे? ती म्हणाली, "मग झाकू नका. घाबरला असाल तर ऱ्हावदे."

झाकला. म्हातारी गेली. काढला. आली.

तरी मी म्हटलं, चष्मा बदलायला झाला असेल. सुमन म्हणाली, हो, तेवढंच असेल, चला बदलून येऊ. तिनं मला फसवून नेलं हे मी आजही बोलून दाखवतो.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकांची रांग. हिरव्या फडक्याची झापडं लावलेली माणसं, त्यांच्या सोबतची माणसं, आणि सगळ्यांचे चेहरे दाराकडे. मी दोन तास बसलो. पहिल्यांदा त्यांनी डोळ्यात एक थेंब घातला, डोळा बधिर झाला. मग मला आडवं केलं आणि उघड्या डोळ्यावर एक लहानसं यंत्र उभं ठेवलं. त्याला टोनोमीटर म्हणतात, म्हणजे डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र. दुखत नाही. फक्त कोणी डोळ्यावर काही ठेवतंय हे डोळ्यालाच बघावं लागतं, ते विचित्र वाटतं.

मग काळ्या पडद्यासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही. डॉक्टरीणबाई काठीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी कडेनं आत आणत होत्या. दिसला की "दिसला" म्हणायचं. याला फील्ड टेस्ट म्हणतात, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी. डाव्या डोळ्याच्या वेळी मी गप्प बसून होतो. मला वाटलं, बाई अजून सुरुवातच करत नाहीत. त्यांनी मग मणी कुठून कुठून फिरवला ते दाखवलं. माझ्या नाकासमोरून वर मणी फिरत होता आणि मला पत्ता नव्हता.

"ग्लॉकोमा," त्या म्हणाल्या. "मराठीत काचबिंदू."

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बारीक वाटेनं निघून जातं. खाडीचं तोंड गाळानं भरलं की आत पाणी तुंबतं, तसं ते तुंबतं. दाब वाढतो. डोळ्यामागं ऑप्टिक नर्व्ह असते, म्हणजे डोळ्यानं बघितलेलं मेंदूकडे नेणारी दोरी. दाबानं त्या दोरीचा एक एक धागा मरतो. कडेचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटी. म्हणून माणसाला वाचता येतं, नाणं ओळखता येतं, आणि तो समजतो सगळं ठीक आहे. दिसत नाही तिथं काळोखही नसतो. काहीच नसतं. माडी होती, खिडकी होती असं वाटत राहतं, फक्त म्हातारी नसते.

"इतके दिवस लक्षात कसं नाही आलं?" त्यांनी विचारलं.

का नाही आलं ते मला माहीत होतं, पण मी तिथं सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. समुद्रात खडक चुकवायचा तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्या लागतात. आमची एक खूण दीपगृह, दुसरी त्याच्या पुढच्या देवळाचा कळस. कळस दीपगृहावर आला की सुकाणू फिरवायचं. रेष धरताना डावा डोळा मिटायचा, उजव्यानं बघायचं. बापानं शिकवलं तसं चाळीस वर्षं केलं. मग सवय अशी लागली की जमिनीवरही नीट बघायचं झालं की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. सुईत दोरा घालताना, जाळीची गाठ बघताना, रस्त्यावरचा माणूस ओळखताना. डाव्या डोळ्याला मी कधी कामच दिलं नाही, तर तो कधी गेला ते कोण सांगणार?

"उजव्यातही दाब आहे," बाई म्हणाल्या. "पण तो अजून शाबूत आहे. तो आपल्याला राखायचाय." आणि पायलोकार्पिनचे थेंब दिले. याने डोळ्याची बाहुली बारीक होते आणि पाण्याची वाट मोकळी होते. "दिवसातून चार वेळा. एकही वेळ चुकवायची नाही. जन्मभर."

निघताना पुन्हा म्हणाल्या. दारात बसलेल्या बाईंनी चिठ्ठी देताना तेच सांगितलं. औषधाच्या दुकानात पुन्हा तेच. चार वेळा, जन्मभर. मी मनात म्हटलं, झालं, तेलाची जाहिरात इथंपण आली.

थेंब घातले की भुवईच्या आत ठणकायचं. संध्याकाळी सगळं अंधुक, पणतीच्या उजेडात बसल्यासारखं. चांगल्या डोळ्याला अंधुक करणारं ते औषध कसलं? मला वाटलं, आधी अंधुक करतील, मग म्हणतील ऑपरेशन करा. दोन आठवड्यांनी मी थेंब बंद केले. सुमन समोर उभी राहायची, म्हणून थेंब गालावर सोडायचो आणि फडक्यानं डोळा टिपायचो. ती समाधानानं जायची. दवाखान्यात पुन्हा जायची तारीख आली तेव्हा गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो. कोणी असं करत असेल तर त्यानं ओळखावं की मी त्याच्याबद्दलच लिहितोय.

गणपती झाले, नवरात्र झालं. मी रोज डावा डोळा झाकून उजव्यानं जाहिरात बघायचो. म्हातारी स्वच्छ दिसायची, अडकित्तासुद्धा. मी मनात डॉक्टरीणबाईंना म्हणायचो, बघा, थेंब नाहीत आणि डोळा आहे.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी असाच डावा डोळा झाकून बसलो होतो. नजर म्हातारीवर. ती हसली, जाहिरात संपली. काहीतरी राहिलं असं वाटलं. पुन्हा लागली तेव्हा नजर न हलवता बघितलं. डाव्या कडेला पिंजरा टांगलेला असतो, तो नव्हता. पोपट नव्हता.

इस्माईल शेजारी होता. मी हळूच विचारलं, "पोपट हाय काय रे?"

"हाय की. कुठं जातोय? बिचाऱ्याला पिंजऱ्यात घातलाय."

या वेळी मी भांडलो नाही. अँटेना आठवली, टीव्हीवाला आठवला. आणि एक पहाट आठवली. धुकं होतं, कळस दीपगृहाच्या बराच डावीकडे दिसत होता. मी तेव्हा पोरसवदा, म्हणालो, "बाबा, देऊळ सरकलं." बापानं पाठीत धपाटा घातला. म्हणाला, "देऊळ नाय सरकलं. आपण वाहून चाललोय. फिरव सुकाणू."

ती जाहिरात मला सरकलेली हवी होती. पण ती कुठं सरकते? तिच्याबद्दल माझी तक्रार हीच होती की ती तसूभर बदलत नाही. माणसं येतात जातात, एखादं दिसलं नाही तर गेलं असेल म्हणून आपण सोडून देतो. रोज तीन वेळा त्याच जागी दिसणारा पोपट दिसला नाही, तर सरकलेला मीच.

सकाळी कोणाला न सांगता चालत दवाखान्यात गेलो. गुडघा दुखला नाही.

बाकावर माझ्या शेजारी केळशीकडचा एक माणूस होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बायकोनं त्याचं मनगट धरलं होतं. तिनं सांगितलं, मोतीबिंदू समजून तो पिकायची वाट बघत राहिले, पिकला की काढू म्हणाले, चार वर्षं वाट बघितली. तो मोतीबिंदू नव्हताच. दोन्ही डोळे गेले. तो माणूस माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाला, "तुमचा नंबर कितवा ओ? लवकर असेल तर बरं." माझ्यासाठी म्हणाला तो, स्वतःसाठी नाही. त्याला आता घाई नव्हती.

आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. गालावरचे थेंब, गुडघा, पोपट. बाईंनी दाब मोजला, काळ्या पडद्यापुढं बसवलं. कागदावर उजव्या डोळ्याचं वर्तुळ काढून त्यात डाव्या बाजूला वर पेन्सिलीनं काळं केलं. नखाएवढं.

"एवढा गेला," त्या म्हणाल्या. "डोकं दुखत होतं, अंधुक दिसत होतं, तर येऊन सांगायचं. औषध बदलता येतं."

मी म्हटलं, "तुम्ही तेच तेच सांगत होता, म्हणून मला वाटलं काहीतरी खपवताय."

त्या पहिल्यांदा हसल्या. "तांडेल, तुम्ही तेच तेच करणार नाही हे मला दिसत होतं, म्हणून तेच तेच सांगत होते."

मग विचारलं, दमा आहे का? नाडी बघितली. दमा नाही म्हटल्यावर टिमोलॉलचे थेंब दिले. याने डोळ्यात पाणी तयार व्हायचंच कमी होतं. दिवसातून दोनदा. बाहुली बारीक होत नाही, अंधुक होत नाही. दमेकऱ्यांनी मात्र हे थेंब डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घ्यायचे नाहीत, लक्षात ठेवा. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही.

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "फडकं धुताना कळायचं मला. डोळा टिपल्यावर फडक्याला जेवढा वास लागावा त्याच्यापेक्षा जास्त लागायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी थेंब मातीत टाकले असते. निदान गालापर्यंत तरी येत होते."

तेव्हापासून संध्याकाळचा थेंब जाहिरातीच्या वेळी. जाहिरात लागली की आधी डावा डोळा झाकून पोपट, मग थेंब. पहिल्या दिवशी धक्क्यात लक्षात आलं नव्हतं, पण नजर म्हातारीवर ठेवली की पोपटाची शेपटी तेवढी दिसायची, पिंजऱ्याचा वरचा भाग नाही. रोज शेपटी. कमी नाही, जास्त नाही. दर दोन महिन्यांनी बाई कागदावर वर्तुळ काढायच्या, नखाएवढं काळं नखाएवढंच राहिलं. ज्या जाहिरातीला मी शिव्या घातल्या तिची मी वाट बघू लागलो. इस्माईल म्हणायचा, "तांडेल, तुझी बायको आली बघ खिडकीत."

पुढच्या पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या तेव्हा, जाहिरात बंद झाली. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिच्या जागी कुठल्या तरी स्कूटरवरून माणसं हिंडायला लागली. तेल कंपनीनं नवीन काय काढलं असेल ते असो. मला मात्र दीपगृह विझल्यासारखं झालं. शेपटी दिसते का नाही, आता कशावरून कळणार? त्या संध्याकाळी थेंबांची बाटली हातात धरून मी त्या स्कूटरकडेच बघत बसलो.

सुमननं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचा पोपट शिवला, चोच लाल चिंधीची, आणि टीव्हीच्या डावीकडे वर खिळ्याला टांगला. टीव्हीच्या उजव्या कडेला स्वतः उभी राहिली, हातात माझा अडकित्ता.

"डावा डोळा झाका. माझ्याकडं बघा. पोपट दिसतो?"

"शेपटी दिसते."

रोज हेच. तोच प्रश्न, तेच शब्द, तीच जागा. एका संध्याकाळी मी डावा डोळा झाकला, नजर तिच्या अडकित्त्यावर ठेवली, आणि डाव्या कडेला शेपटी नव्हती. दिसते म्हणावं असं तोंडावर आलं. गालावर थेंब सोडणारा माणूस मी, एक शब्द खोटा बोलायला काय लागतं? पण केळशीचा तो माणूस आठवला. मी म्हटलं, "सुमन, नाय दिसत गो."

तिनं पदराखालून पोपट काढला.

"मीच काढून ठेवला व्हता," ती म्हणाली. "तुमी खरं सांगता काय बघत व्हते."

मी इतका चिडलो की रात्री जेवताना तिच्याशी बोललो नाही. मग हसू आलं. संशय घ्यायला ती माझ्याकडूनच शिकली आहे, आणि माझ्यापेक्षा बरा घेते. आता पोपट कधी खिळ्यावर असतो, कधी तिच्या पदराखाली. कुठल्या दिवशी कुठं, ती सांगत नाही. म्हणून मला रोज खरंच बघावं लागतं.

दोन वर्षं झाली. शेपटी अजून दिसते.